हे पॅकेज कुणाच्या जिवावर चालतं? लिनक्सवर डिपेन्डन्सी तपासण्याची रीत

२९ मार्च २०२४, शुक्रवार. अँड्रेस फ्रॉइंड या मायक्रोसॉफ्टमधल्या इंजिनियरने जाहीर केलं की एक्सझेड या साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये कुणीतरी चोरदरवाजा बसवला आहे. त्याला हा सुगावा लागला तो एका क्षुल्लक गोष्टीवरून. त्याच्या डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) मशिनवर एसएसएचचं लॉगिन ०.३ सेकंदात आटपायचं, ते ०.८ सेकंद घेऊ लागलं होतं. त्या अर्ध्या सेकंदाचा माग काढत तो एक्सझेडपाशी पोचला.

ही बातमी वाचून बहुतेकांना पडलेला प्रश्न अगदी रास्त होता. एक्सझेडचं काम फाइली दाबून लहान करायचं, एसएसएचचं काम दूरच्या मशिनवर सुरक्षित लॉगिन करून द्यायचं. ओपनएसएसएच लिहिणाऱ्यांनी एक्सझेड वापरलेलंच नाही. मग एकाच्या घरातला चोर दुसऱ्याच्या दारात कसा?

व्याह्यांच्या व्याह्यांकडून यावा तसा. डेबियन आणि फेडोरासारखे लिनक्सचे प्रकार बनवणाऱ्या मंडळींनी आपल्या एसएसएच सर्व्हरला एक छोटी जोड दिली होती: "मी सुरू झालो" हे सिस्टमडीला, म्हणजे मशिनवरच्या सेवा सुरू करून सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमला, कळवायची. त्यासाठी लिबसिस्टमडी ही लायब्ररी (इतर प्रोग्रॅमनी वापरायचा तयार कोड) आली. तिला लॉगच्या दाबलेल्या फाइली वाचता याव्यात म्हणून एक्सझेडची लिबएलझेडएमए आली. एवढीच साखळी. आणि ती कुणीही, कुठल्याही दिवशी, दोन मिनिटांत टर्मिनलवर पाहू शकत होतं.

पॅकेज आणि त्याची चिठ्ठी

लिनक्सवर प्रोग्रॅम पॅकेज म्हणून येतो. आत फाइली असतात आणि सोबत एक चिठ्ठी: नाव, आवृत्ती, आणि मला आणखी काय काय लागतं. या "लागतं"ला डिपेन्डन्सी म्हणतात. जे अनेकांना लागतं ते, म्हणजे लायब्ररी, प्रत्येकाने आपल्या पोटात न ठेवता एकदाच सिस्टिमवर ठेवायचं, ही त्यामागची कल्पना. ही चिठ्ठी वाचून लागेल ते आणून बसवणारा तो पॅकेज मॅनेजर. डेबियन-उबंटूवर ॲप्ट, आणि त्याच्या हाताखाली प्रत्यक्ष फाइली मांडणारा डीपीकेजी. फेडोरा आणि रेड हॅटकडे तीच कामं डीएनएफ आणि आरपीएम करतात.

चिठ्ठीत सगळ्या गरजा एका तोलाच्या नसतात. पुरणपोळीचं उदाहरण घ्या. हरभऱ्याची डाळ आणि कणीक नसेल तर पोळी होणारच नाही: हे डिपेंड्स. गूळ किंवा साखर, दोन्हींपैकी एक चालेल: चिठ्ठीत मधे उभी रेघ मारून दोन नावं लिहितात. तूप नसलं तरी पोळी होते, पण वाढायची लाज वाटेल: हे रेकमेंड्स, आणि ॲप्ट ते तुम्ही नको म्हटल्याशिवाय घेऊनच येतो. कटाची आमटी: सजेस्ट्स, आपण मागितली तरच. (आमच्याकडे कटाची आमटी डिपेंड्समध्येच आहे असं म्हणणारे बरेच भेटतील. पॅकेज बनवणाऱ्यांतही हे वाद असेच चालतात.)

याशिवाय कॉन्फ्लिक्ट्स, म्हणजे आम्ही दोघं एका घरात नांदणार नाही. एक्झिम आणि पोस्टफिक्स हे दोन मेल सर्व्हर डेबियनवर असे आहेत. एक बसवलात की दुसरा निघतो. आणि प्रोव्हाइड्स: हे दोघंही "मी मेल-ट्रान्सपोर्ट-एजंट आहे" असं सांगतात. या नावाचं खरं पॅकेज नाही, ती फक्त एक पदवी आहे. तिला व्हर्च्युअल पॅकेज म्हणतात. ज्याला कुठलाही मेल सर्व्हर चालतो तो नुसती पदवी मागतो.

खाली पाहणं: याला काय लागतं?

पुढच्या कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलवर त्या रोमन लहान अक्षरांतच टाइप करायच्या. मोठं अक्षर लागतं तिथे तसं सांगितलं आहे. नुसतं पाहण्यासाठी सुडो (ॲडमिनचे अधिकार देणारी कमांड) लागत नाही, त्यामुळे बिनधास्त चालवा.

ॲप्ट शो ओपनएसएसएच-सर्व्हर

यात "डिपेंड्स" ही ओळ शोधा. डेबियन १२ वर ती चांगली लांबलचक आहे. तिच्यात डेबकॉन्फ आणि डेबकॉन्फ-२.० यांच्यामधली उभी रेघ दिसेल. ओपनएसएसएच-क्लायंटपुढे कंसात "बरोबर" चिन्ह आणि पूर्ण आवृत्ती दिसेल: क्लायंट आणि सर्व्हर यांची आवृत्ती तंतोतंत एकच हवी. इतरांपुढे "पेक्षा मोठी किंवा बरोबर" असं चिन्ह असतं, म्हणजे निदान इतकी नवी तरी हवी. आणि त्याच ओळीत लिबसिस्टमडी० हे नाव आहे. लिबएलझेडएमए५ नाही.

कारण चिठ्ठीत फक्त स्वतःच्या गरजा असतात, गरजांच्या गरजा नसतात. पुरणपोळीच्या कृतीत डाळीला कुठलं खत घातलं ते कुणी लिहीत नाही. खोल जायचं तर:

ॲप्ट-कॅश डिपेंड्स --रिकर्स -आय ओपनएसएसएच-सर्व्हर

रिकर्स म्हणजे प्रत्येकाची चिठ्ठी उघडून त्याच्याही गरजा काढत जा. हा -आय मात्र विसरू नका. तो फक्त अत्यावश्यक गरजा ठेवतो. तो नसेल तर रेकमेंड्स, सजेस्ट्स, कॉन्फ्लिक्ट्स सगळे पाझरत येतात, आणि एका साध्या पॅकेजसाठी हजारो ओळी स्क्रीनवरून धावू लागतात. या यादीत ग्रेपने (मजकुरात शब्द शोधणारी कमांड) एलझेडएमए शोधलंत की लिबसिस्टमडी०च्या खाली ते सापडतं.

वर पाहणं: हे कुणाला लागतं?

उपयोगी पडतो तो हाच प्रश्न, आणि विचारला जात नाही तोही हाच. एखाद्या लायब्ररीत खोट निघाली की जाणून घ्यायचं असतं ते तिच्यावर कोण कोण विसंबून आहे.

ॲप्ट आरडिपेंड्स --इन्स्टॉल्ड लिबएलझेडएमए५

--इन्स्टॉल्ड नसेल तर अख्ख्या रेपोतली (पॅकेजं जिथून उतरतात त्या ऑनलाइन कोठारातली) नावं येतात. तुमच्या मशिनवर काय आहे त्याच्याशी त्या यादीला देणंघेणं नसतं. दुसरी खुबी: ॲप्ट-कॅश आरडिपेंड्स ही जुनी कमांड नुसती नावं देते, त्यामुळे नातं डिपेंड्सचं की सजेस्ट्सचं ते कळत नाही. ॲप्ट आरडिपेंड्स नात्याचा प्रकारही दाखवते. घाबरून सर्व्हर बंद करण्याआधी हा फरक पाहिलेला बरा.

यादीत खुद्द डीपीकेजीचं नाव दिसेल, कारण डेबियनची पॅकेजं सर्रास एक्सझेडने दाबलेली असतात. म्हणजे "ही भानगड काढूनच टाकतो" हा मार्ग बंद. लिबएलझेडएमए काढायची तर पॅकेजं काढणारं हत्यारच मोडतं.

"हे माझ्या मशिनवर आलंच कुणामुळे?" याचं उत्तर हवं असेल तर ॲप्टिट्यूड हे पॅकेज आधी बसवा, मग:

ॲप्टिट्यूड व्हाय लिबएलझेडएमए५

ते एक साखळी दाखवतं. एकच, सगळ्या नाही. ती एक तुटली म्हणून पॅकेज बिनकामाचं झालं असं समजू नका.

चिठ्ठी खरी की फाइल खरी?

चिठ्ठी हा दावा असतो. ती काही अंशी माणूस लिहितो, काही अंशी पॅकेज बांधताना एक साधन तयार फाइली तपासून भरतं. प्रत्यक्ष प्रोग्रॅम सुरू होताना काय उचलतो ते पाहायचं तर फाइललाच विचारायचं.

एलडीडी /यूएसआर/एसबिन/एसएसएचडी

एसएसएचडी म्हणजे एसएसएचचा सर्व्हर. डेबियन १२ वर या यादीत लिबसिस्टमडी आहे आणि लिबएलझेडएमएसुद्धा आहे. आता त्याच फाइलवर दुसरी कमांड:

रीडएल्फ -डी /यूएसआर/एसबिन/एसएसएचडी | ग्रेप नीडेड

इथला "नीडेड" मोठ्या अक्षरांत लिहायचा. या यादीत लिबसिस्टमडी आहे, लिबएलझेडएमए नाही. एकच फाइल आणि दोन उत्तरं, पण खोटं कुणीच बोलत नाही. रीडएल्फ फाइलवर लिहिलेलं वाचतं, म्हणजे थेट गरजा. एलडीडी पूर्ण साखळी उलगडून एका सपाट यादीत मांडतं, त्यामुळे कोण कुणामुळे आलं ते पुसलं जातं. दोन्ही शेजारी ठेवली की आडवाटेने आलेले पाहुणे लगेच ओळखू येतात.

एक जपून करायची गोष्ट. कुठूनतरी उतरवलेल्या, भरवशाच्या नसलेल्या फाइलवर एलडीडी चालवू नका. काही परिस्थितीत ते उत्तर मिळवण्यासाठी तो प्रोग्रॅमच चालवू शकतं. त्याच्या मॅन पेजमध्येच (कमांडच्या माहितीपानात) तसा इशारा आहे. विष आहे का हे चाखून पाहण्यातला प्रकार. रीडएल्फ काही चालवत नाही, ते नुसतं वाचतं.

लायब्ररीची फाइल कुठल्या पॅकेजने आणली हे डीपीकेजी -एस सांगतं, हा एस मोठा. (लहान एस दिलात तर ते पॅकेजची स्थिती सांगायला लागतं.) फाइल मशिनवर नसेल आणि ती कुठल्या पॅकेजमध्ये मिळेल हे हवं असेल, तर ॲप्ट-फाइल हे वेगळं पॅकेज बसवून ॲप्ट-फाइल सर्च.

मात्र या कमांडना न दिसणारंही बरंच असतं. प्रोग्रॅम चालू असताना गरज पडली तरच एखादी लायब्ररी उघडतो, तेव्हा ती नीडेडमध्ये नसते. गो भाषेतले प्रोग्रॅम बहुतेक सगळं पोटात घेऊनच जन्मतात, त्यांना एलडीडी लावून हाती काही लागत नाही. डिसेंबर २०२१ मधली लॉगफोरजेची खोट आठवा. ती लायब्ररी जावाच्या जार फाइलींच्या आत, कधी जारच्या आतल्या जारमध्ये बसलेली होती. ॲप्टला विचारून तिचा पत्ता लागणं शक्यच नव्हतं.

"वाय" दाबण्याआधी

एकच सवय लावून घ्यायची असेल तर ही:

ॲप्ट-गेट -एस इन्स्टॉल पॅकेजचं-नाव

हा लहान एस म्हणजे नुसती रंगीत तालीम. काही बसत नाही, काही निघत नाही. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला तीनपैकी एक शब्द येतो: इन्स्ट म्हणजे बसवणार, कॉन्फ म्हणजे मांडणी लावणार, रेम्व्ह म्हणजे काढणार. डोळे रेम्व्हवर ठेवा. एखादा प्लेयर बसवताना रेम्व्हच्या चाळीस ओळी दिसल्या तर थांबा.

नोव्हेंबर २०२१ मध्ये लिनस सेबॅस्टियन या कॅनडातल्या यूट्यूबरने कॅमेऱ्यासमोर पॉप!_ओएस या लिनक्सवर स्टीम हा गेम्सचा प्रोग्रॅम बसवायला घेतला. डिपेन्डन्सीच्या गुंत्यामुळे ॲप्टने ठरवलं की स्टीम यायचं तर डेस्कटॉप जायला हवा. तसा इशाराही दिला, आणि पुढे जायचंच असेल तर "येस, डू ॲज आय से!" असं पूर्ण वाक्य टाइप करायला सांगितलं. त्याने टाइप केलं, आणि डेस्कटॉप गेला. वापरणाऱ्याला हसणं सोपं आहे. पण इतकी लांब यादी समोर आली की तिच्यातलं महत्त्वाचं नेमकं डोळ्यांआड होतं, हेही खरं. म्हणून नावं वाचायचा कंटाळा असेल तर निदान शेवटची आकड्यांची ओळ वाचा: किती अपग्रेड, किती नवीन, किती काढणार. तिसरा आकडा शून्य नसेल तर यादी वाचावीच लागेल.

"अनमेट डिपेन्डन्सीज" आलं, आता?

लाल अक्षरं पाहून लोक पहिली सापडेल ती कमांड चिकटवतात. त्याआधी तक्रारीच्या ओळीचं शेपूट वाचा. ते तीन प्रकारचं असतं आणि तिन्हींचे इलाज निराळे आहेत.

"बट इट इज नॉट इन्स्टॉलेबल": हे पॅकेज तुमच्या कुठल्याच रेपोत नाही. ॲप्ट अपडेट केलंय का, उबंटूवर युनिव्हर्स हा विभाग चालू आहे का, आणि नाव तर बदललेलं नाही ना, हे पाहा. उबंटू २४.०४ वर लिबएसाउंड२ ही आवाजाची लायब्ररी जुन्या नावाने मागणाऱ्यांची अशीच फसगत होते: ॲप्ट म्हणतो हे व्हर्च्युअल पॅकेज आहे, बसवण्याजोगं काही नाही. खरं नाव आता लिबएसाउंड२टी६४. शेवटचं टी६४ आलं ते २०३८च्या संकटामुळे. ३२ बिटांत मोजलेली वेळ १९ जानेवारी २०३८ रोजी संपते, म्हणून ३२-बिट मशिनसाठी वेळ ६४ बिटांत मोजायचं ठरलं आणि ज्या लायब्ररींवर परिणाम होणार होता त्यांची नावं सगळीकडेच बदलली. ६४-बिट मशिनवर आतून फरक पडला नाही. जुन्या लेखांतल्या कमांड मात्र बिघडल्या.

"बट अमुक आवृत्ती इज टू बी इन्स्टॉल्ड": पॅकेज आहे, पण मागितलेली आवृत्ती नाही. बहुधा बाहेरची पीपीए (कुणीतरी स्वतंत्रपणे चालवलेली रेपो) जोडलेली असते, किंवा दोन वेगवेगळ्या रिलीजच्या रेपो एकत्र केलेल्या असतात. ॲप्ट पॉलिसी आणि पुढे पॅकेजचं नाव असं विचारलं की कुठली आवृत्ती कुठल्या रेपोतून येतेय आणि ॲप्टचा कौल कुणाला आहे, ते समोर येतं.

"बट इट इज नॉट गोइंग टू बी इन्स्टॉल्ड": सगळ्यात चिडवणारं, कारण खरं कारण सांगतच नाही. पॅकेज आहे, आवृत्तीही बरोबर आहे, पण ते बसवलं तर आणखी खाली कुठेतरी काही तुटतं. युक्ती अशी की ज्याच्याबद्दल तक्रार आहे त्याचं नाव तालमीच्या कमांडमध्ये स्वतः जोडा आणि पुन्हा चालवा. आता ॲप्टला एक पायरी खालचं कारण सांगावं लागतं. पुन्हा तेच शेपूट आलं तर पुन्हा जोडा. तीन-चार पायऱ्यांत मूळ सापडतं, आणि ते बहुतेकदा वरच्या दोनपैकी एक निघतं.

या सगळ्याच्या शेवटी "यू हॅव हेल्ड ब्रोकन पॅकेजेस" असं येतं. त्या वाक्यावर फार विसंबू नका. तुम्ही काही रोखून धरलंय का ते ॲप्ट-मार्क शोहोल्ड सांगतं, आणि बहुतेक वेळा ते कोरं असतं.

डेब फाइल (डेबियनचं पॅकेज ज्या फाइलीत येतं ती) उतरवून डीपीकेजी -आयने बसवली असेल तर गोष्ट वेगळी. डीपीकेजी डिपेन्डन्सी आणत नाही. तो फाइली उलगडून ठेवतो आणि अर्धवट सोडतो. डीपीकेजी -एलच्या यादीत अशा पॅकेजपुढे दोन लहान आयऐवजी लहान आय आणि मोठा यू दिसतो. मग ॲप्ट --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल करून निस्तरावं लागतं. त्यापेक्षा पहिल्यापासूनच ॲप्ट इन्स्टॉल, जागा सोडून टिंब, तिरकी रेघ आणि फाइलचं नाव असं द्यावं. टिंब-रेघ विसरलात तर ॲप्ट ते नाव रेपोत शोधत बसतो. आणि --फोर्स-डिपेंड्सच्या वाटेला जाऊ नका. ते पॅकेज बसेल, पण त्यानंतर ॲप्ट दर वेळी आधी हे मोडलेलं दुरुस्त करा म्हणून अडून बसेल.

फेडोरावर

तत्त्व तेच. खाली पाहायला आरपीएम -क्यूआर (आर मोठा), वर पाहायला डीएनएफ रेपोक्वेरी --इन्स्टॉल्ड --व्हॉटरिक्वायर्स आणि पॅकेजचं नाव. लिबएलझेडएमए तिथे एक्सझेड-लिब्स या पॅकेजात असते. एक फरक ध्यानात ठेवा: आरपीएमच्या चिठ्ठीत पुष्कळदा पॅकेजचं नाव नसून थेट लायब्ररीच्या फाइलचं नाव असतं. ते कुणाकडे मिळेल हे डीएनएफ प्रोव्हाइड्स सांगतं.

एवढा गुंता कशाला, सगळं एकाच डब्यात का देत नाहीत?

देतात की. स्नॅप आणि फ्लॅटपॅक हेच करतात, आणि ज्याला आवृत्त्यांच्या भांडणात पडायचं नाही त्याच्यासाठी ते बरे आहेत. किंमत दुसरीकडे मोजावी लागते. सामायिक लायब्ररीत खोट निघाली तर एक पॅकेज बदललं की सगळे सुधारतात. डबे असतील तर प्रत्येक डबेवाल्याने आपापला डबा नव्याने भरून पाठवायला हवा, आणि सगळे एकाच दिवशी पाठवत नाहीत. फ्लॅटपॅकने मधला मार्ग म्हणून रनटाइम नावाचे सामायिक थर ठेवले आहेत. म्हणजे फिरून डिपेन्डन्सी आलीच.

ॲप्ट स्वतःहून योग्य निवड का करत नाही, असाही प्रश्न येतो. अटी, पर्याय आणि भांडणं अशी सगळी सांभाळून बसणारा संच शोधणं हे गणिती भाषेत एनपी-कम्प्लीट आहे. साध्या शब्दांत, प्रत्येक वेळी झटपट हमखास उत्तर देणारी रीत आजवर कुणाला सापडलेली नाही. शिवाय तुम्हाला डेस्कटॉप जास्त प्रिय की स्टीम, हे चिठ्ठ्यांत लिहिलेलं नसतं.

हे सगळं तपासून एक्सझेडचा चोर सापडला असता?

नाही. यातली एकही कमांड लायब्ररीच्या आत काय आहे ते पाहत नाही. चोर सापडला तो अर्ध्या सेकंदामुळे. या कमांडचं काम त्यानंतरचं: माझ्याकडे ती आवृत्ती आहे का, आणि असली तर तिचा हात कुठवर पोचतो. डेबियनच्या स्टेबल आवृत्तीत ती पोचलीच नव्हती. टेस्टिंग आणि अनस्टेबल या अजून पक्क्या न झालेल्या आवृत्त्यांमध्ये पोचली होती, आणि तिथे लगेच जुना कोड परत आणायचा होता. पण पॅकेज मॅनेजर मोठा आकडा म्हणजे नवं असं मानून पुढेच जातो. ५.६.१ असलेल्या मशिनला ५.४.५ देऊ केलं तर तो ढुंकूनही पाहत नाही. म्हणून डेबियनने नव्या पॅकेजला जो क्रमांक दिला तो असा होता: ५.६.१+रिअली५.४.५-१. आकडेमोडीत ५.६.१ पेक्षा मोठा, आतला माल ५.४.५ चा. त्या दिवसांत ॲप्ट पॉलिसी लिबएलझेडएमए५ विचारल्यावर "इन्स्टॉल्ड"पुढे "रिअली" दिसलं, की मशिनवरचा खराब कोड गेलेला असायचा.